स्वतःविषयी लिहायला बसताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणातल्या आमच्या तालुक्याच्या गावी वाचनालयाच्या माडीवर महिन्यातून एका रविवारी लिहू इच्छिणारी मंडळी जमतात. त्यांत निवृत्त शिक्षक असतात, आंबा बागायतदार असतात, मासळीबाजार आटोपून आलेल्या बायका असतात, आणि मे महिन्यात मुंबईहून आलेले चाकरमानीही डोकावून जातात. यांपैकी बहुतेकांना कादंबरी लिहायची नसते. स्वतःचे आयुष्य, घर, गाव आणि मनात साचलेले काही कागदावर उतरावे, एवढीच त्यांची इच्छा असते. गेली काही वर्षे मी या बैठका चालवते आहे. तेथे पुन्हा पुन्हा निघणारे प्रश्न आणि मी त्यांना देत आले ती उत्तरे येथे एकत्र केली आहेत.

माझ्या आयुष्यात लिहिण्यासारखे असे काय आहे?

हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो आणि तो विचारणाऱ्याचा आवाज नेहमी खाली गेलेला असतो. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे एक गरीब भिक्षुक होते. डोक्यावर कर्ज होते म्हणून, उत्तरेत मोठा यज्ञ आहे आणि तेथे चांगली दक्षिणा मिळेल असे ऐकून, ते १८५७ साली घरातून निघाले आणि नेमके बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरातच होते. सारे गमावून, पण आईवडिलांसाठी गंगेच्या पाण्याची कावड तेवढी सांभाळून, ते गावी परतले. या प्रवासाची हकीकत त्यांनी कितीतरी वर्षांनी, चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून लिहिली, आणि 'माझा प्रवास' या नावाने ती १९०७ साली प्रसिद्ध झाली. लढायांच्या तारखा इतिहासाच्या ग्रंथांत सापडतात. पण त्या दिवसांत एका सामान्य माणसाला भूक कशी लागत होती, भीती कशी वाटत होती आणि घरच्या कर्जाची काळजी कशी सोबत चालत होती, हे जाणून घ्यायचे असेल तर आजही गोडसे भटजींकडेच जावे लागते.

यावर मला लगेच सांगितले जाते की, त्यांनी १८५७ पाहिले होते, आम्ही काय पाहिले? अशा वेळी मी आमच्याच बैठकीतील एक प्रसंग सांगते. मासळी विकणाऱ्या एक बाई तीन महिने काही न लिहिता मागे बसून राहिल्या. चौथ्या बैठकीत बोलण्याच्या ओघात त्यांनी सांगितले की, त्यांच्या आजीला घड्याळ कळत नसे, पण भरतीची वेळ ती कधी चुकत नसे, कारण तिथीची पाऊणपट करायची हे तिला ठाऊक होते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती; अष्टमीला सहाच्या सुमारास; आणि पौर्णिमा उलटली की मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून. आजी हा हिशोब बोटांच्या पेरांवर करायची आणि ओठ हलवायची, म्हणून लहानपणी या बाईंना वाटे की ती जपच करते आहे. माडीवर सगळे गप्प झाले होते. त्या बाईंनी त्या रात्री लिहिलेले दीड पान मला आजवर ऐकलेल्या लेखनातील सर्वांत चांगल्या पानांपैकी वाटते. लिहिण्यासारखे काही नाही असे म्हणणाऱ्या माणसाला बहुधा आपल्या रोजच्या गोष्टी इतक्या जवळून माहीत असतात की, त्या कोणाला ठाऊक नसतील हेच त्याच्या लक्षात येत नाही.

भावना व्यक्त करायच्या आहेत, पण लिहायला घेतले की सगळे कोरडे किंवा भडक होते. काय चुकते?

आपण भावनेचे नाव लिहितो आणि ती भावना जिच्यामुळे उठली ती वस्तू लिहायची राहून जाते. 'आईने फार कष्ट केले, तिची आठवण आली की डोळे भरून येतात' हे वाक्य खरे असते, परंतु ते कोणाच्याही आईविषयी लिहिता येते आणि म्हणून ते वाचणाऱ्याला कोणाचीच आई दाखवत नाही.

मी स्वतः माझ्या आईविषयी लिहायला घेतले तेव्हा पहिली चार पाने अशाच वाक्यांची झाली आणि ती मी बाजूला ठेवली. नंतर केवळ रातांब्यांविषयी, म्हणजे कोकमाच्या फळांविषयी लिहिले. वैशाखात आई खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, बसून रातांबे फोडायची. बिया एका बाजूला, साली दुसऱ्या बाजूला. बियांभोवतीच्या गराला मीठ लावून त्याचा रस सुटू द्यायचा, सालींना त्या रसाचे पूट द्यायचे, उन्हात पसरायचे, आणि वाळल्या की पुन्हा रसात बुडवून पुन्हा वाळवायचे, असे साली काळ्याभोर आणि मऊ होईपर्यंत चालायचे. आकाशात ढग दिसला की ती हातातले काम टाकून धावत खळ्यात यायची. त्या महिनाभरात तिची नखे जांभळी होत आणि मिठाने बोटांना चिरा पडत. त्या बोटांनी ती संध्याकाळी भाकरी थापायची तेव्हा पीठ लागताच तिचा हात क्षणभर थांबायचा. मिरग आला, आमसुले बरणीत गेली, की नखे हळूहळू उजळत. या पानात कष्ट हा शब्द नाही आणि आठवण हाही नाही. ते मी बैठकीत वाचले तेव्हा एका गृहस्थांनी स्वतःच्या हातांकडे पाहिले.

म्हणून माझे सांगणे असे की, भावनेपाशी जाण्यासाठी हात, भांडे, दार, वास, विशिष्ट दिवस अशा कशाचा तरी आधार घ्यावा आणि तो पुरता पाहून होईपर्यंत सोडू नये.

प्रमाण मराठीत लिहावे की आमच्या बोलीत?

या प्रश्नावर आमच्याकडे वाद होतात आणि ते व्हावेत असे मला वाटते. मालवणीत, संगमेश्वरीत किंवा आगरीत वाढलेल्या माणसाला शाळेत पहिल्यांदा कळते की आपण घरी बोलतो ते 'अशुद्ध' आहे. त्या एका शब्दाने कितीतरी जणांचे लिहिणे कायमचे बंद पाडले आहे. ज्या भाषेत माणूस रागावतो, लेकराला जोजवतो आणि देवासमोर गाऱ्हाणे घालतो, ती भाषा त्याच्या व्यक्त होण्याला अपुरी कशी असेल? गाऱ्हाण्याच्या शेवटी सगळी वाडी एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणते, त्याचे प्रमाण मराठीत 'होय महाराज' केले तर अर्थ तोच राहतो, पण देऊळ नाहीसे होते.

तरीही संपूर्ण लेखन बोलीत करावे असा माझा आग्रह नाही. ज्यांना दोन्ही भाषा सारख्याच जवळच्या आहेत त्यांनी निवेदन प्रमाण भाषेत ठेवावे आणि माणसे बोलू लागली की त्यांना त्यांच्या बोलीत बोलू द्यावे. आजी दारात उभी राहून 'खंय चल्लंस?' असे विचारत असेल, तर तिच्या तोंडी 'कुठे निघालास?' घालू नये. बोलीतील उच्चार लिहिण्याची एकच ठरलेली पद्धत नाही, तेव्हा आपण एक पद्धत निवडावी आणि शेवटपर्यंत तीच पाळावी. एकाच पानावर एकच शब्द तीन प्रकारे लिहिला तर वाचणारा अडखळतो.

वस्तूंच्या नावांबाबत मात्र मी हट्टी आहे. गडग्याला भिंत म्हणू नये, कारण गडगा दगडावर दगड रचून, चुना-सिमेंटाशिवाय उभा राहतो आणि पावसाळ्यात त्याच्या फटींतून नेचे उगवतात. सड्याला माळरान म्हणू नये, पाणंदीला रस्ता म्हणू नये. घाटावरच्या वाचकाला हे शब्द कळणार नाहीत अशी भीती वाटत असेल, तर अर्थ कंसात देण्याऐवजी वाक्यच असे लिहावे की शब्द आपोआप कळेल: 'गडग्यावरचा एक दगड ढासळला होता, त्या खिंडारातून गुरे बागेत शिरली.'

रोज लिहिले पाहिजे का?

नाही. येथील कामाचे वर्ष सरळ रेषेत चालत नाही. मार्चपासून मे अखेरपर्यंत आंब्याच्या बागेत असणाऱ्या माणसाला उसंत नसते. यांत्रिक नौकांवर जाणाऱ्यांना १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात ती मिळते. गणपतीच्या आसपास घरातल्या बाईला श्वास घ्यायलाही वेळ नसतो. आपल्या वर्षातील मोकळे आठवडे ओळखून त्यांत सलग लिहावे आणि एरवी खिशातल्या छोट्या वहीत केवळ टिपणे करावीत. टिपणात पूर्ण वाक्य नसले तरी चालते. नाव, वास किंवा कोणाचा तरी नेमका शब्द असला म्हणजे पुरे.

लाज वाटावी असे प्रसंग, अपयश, लिहावे का?

लिहावे, आणि ते सजवू नये. दापोलीजवळच्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे लहानपणी एका परीक्षेसाठी भर पावसात कुंभार्ली घाटाने साताऱ्यापर्यंत चालत गेले, आणि दिसायला वयापेक्षा लहान असल्याने त्यांना परीक्षेला बसूच दिले नाही. पुढे महर्षी म्हणून सारा देश ओळखू लागलेल्या या माणसाने १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मवृत्तात ही निराशा सांगितली आहे. स्त्रीशिक्षणाचे त्यांचे अफाट काम मला आदराने मान झुकवायला लावते, पण साताऱ्याहून परत फिरणारा तो मुलगा मला जवळचा वाटतो.

घरातल्या माणसांविषयी, भाऊबंदकीविषयी लिहावे का?

येथे माझी स्वतःची चूक सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी मी आमच्या घराण्यातील एका आत्येविषयी लिहिले होते. ती तरुणपणी विधवा झाली आणि तिच्या वाट्याची जमीन कशी कोणाच्या नावावर गेली, हे सगळे त्यात होते, आणि त्यात खोटे काही नव्हते. गणपतीत सगळे जमले असताना मी ते पडवीत बसून वाचले. आत्येची सून शेवटच्या ओळीपर्यंत थांबली, मग उठून आत गेली, आणि नंतर दोन वर्षे आमच्याकडे आली नाही. आत्येला न्याय मिळावा म्हणून मी लिहिले होते. परंतु तिच्या माणसांना विचारले नव्हते, आणि वाचण्यासाठी निवडलेली जागा व वेळ तर पूर्णपणे चुकीची होती.

तेव्हापासून मी असे सांगते की, लिहिताना कोणाचीही भीड ठेवू नये, आणि लिहिलेले बाहेर काढताना मात्र प्रत्येकाचा विचार करावा. या दोन वेगळ्या कृती आहेत आणि त्यांच्यामध्ये वर्ष गेले तरी बिघडत नाही. जी व्यक्ती हयात आहे तिला, आणि जी नाही तिच्या जवळच्यांना, तो भाग आधी एकांतात वाचून दाखवावा. नाव बदलले म्हणजे काम झाले असे समजू नये; जेथे वाडीत सात घरे आहेत आणि एकाच घरासमोर सुरंगीचे झाड आहे, तेथे सुरंगीचा उल्लेख हाच पत्ता असतो.

सातबाऱ्यावरील नावे, खोटी सही, अनैतिक संबंध अशा आरोपांबाबत कायदाही ध्यानात ठेवावा लागतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ प्रमाणे बदनामी हा गुन्हा आहे, आणि मजकूर खरा आहे एवढे म्हणणे तेथे पुरत नाही. तो सार्वजनिक हितासाठी प्रसिद्ध केला, हेही दाखवावे लागते. मृत व्यक्तीवरील आरोप तिच्या कुटुंबीयांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केलेला असेल, तर तोही या कलमात येऊ शकतो.

घरात जुनी पत्रे सापडली आहेत. ती लेखनात वापरता येतील का?

पत्राचा कागद ज्याला ते आले त्याचा असतो, परंतु मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्यामागे त्याच्या वारसांचा असतो. घरात वाचण्याला कोणाचीच आडकाठी नाही. प्रसिद्ध करायचे असेल तर वारसांची लेखी संमती घ्यावी.

लिहिल्याने मन हलके होते का?

अनेकांचे होते, पण लगेच होईलच असे नाही. जेम्स पेनेबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा एक प्रयोग १९८६ साली प्रसिद्ध झाला. त्यात महाविद्यालयातील ४६ विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटे लिहिले. काहींनी साध्या विषयांवर, तर काहींनी आयुष्यातील सर्वांत क्लेशदायक अनुभवावर. क्लेशाविषयी मनापासून लिहिणाऱ्यांना लिहून झाल्यावर लगेच अधिक उदास वाटले, मात्र पुढील महिन्यांत त्यांच्यापैकी ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या होत्या त्यांना डॉक्टरकडे कमी वेळा जावे लागले. पुढे असे पुष्कळ प्रयोग झाले आणि सर्वांचे निष्कर्ष सारखे आले नाहीत, म्हणून लेखनाला औषध म्हणणे मला योग्य वाटत नाही. पहिल्या दिवशी अधिक जड वाटले तर आपण काही चूक केली असे समजू नये, एवढे मात्र यावरून निश्चित सांगता येते.

२२ जुलै २०२१ रोजी चिपळूणमध्ये पूर आला. त्यानंतर काही महिन्यांनी एक तरुण आमच्याकडे आला. त्याला त्या रात्रीविषयी लिहायचे होते, पण पाण्याचा पहिला उल्लेख आला की त्याचा हात थांबे. आम्ही त्याला पाण्याविषयी लिहू नकोस असे सांगितले. चिखल काढताना सापडलेल्या वस्तूंची नावे तो लिहीत गेला: फुगलेली शिधापत्रिका, एका पायातली चप्पल, देव्हाऱ्यातली घंटा. पाणी त्याच्या लेखनात आले ते सहाव्या बैठकीला. जेथे हात थांबतो तेथे स्वतःवर जबरदस्ती करू नये. झोप उडणे, जगणे नकोसे वाटणे असे काही होत असेल तर वही मिटून माणसांकडे जावे. डॉक्टरांना भेटावे किंवा शासनाच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे.

साल आठवत नाही, क्रम जुळत नाही. अशा वेळी काय करावे?

घरातल्या घटना मोठ्या घटनांना बांधून पाहाव्यात. वडीलधाऱ्यांना साल विचारले तर सांगता येत नाही, परंतु 'रामदास बोट बुडाली तेव्हा तुम्ही केवढे होता?' असे विचारले की उत्तर मिळते, आणि ती बोट १७ जुलै १९४७ रोजी रेवसजवळ बुडाली हे आपल्याला ठाऊक असते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप, १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झालेला सिंधुदुर्ग जिल्हा, २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण मार्गावर सुरू झालेली कोकण रेल्वे, ३ जून २०२० चे निसर्ग वादळ, या खुंट्यांना कोकणातल्या बहुतेक कुटुंबांच्या आठवणी टांगता येतात. लग्न भूकंपाच्या आधीचे की नंतरचे, थोरला मुलगा पहिल्यांदा गणपतीला रेल्वेने आला की एसटीने, एवढे विचारले तरी क्रम लागू लागतो.

दोन भावंडांच्या आठवणी जुळत नसतील तर दोन्ही लिहाव्यात आणि त्या जुळत नाहीत हेही लिहावे.

वहीत लिहावे की मोबाइलवर?

ज्यावर हात अडत नाही त्यावर. ज्यांना टंकलेखन जड जाते त्यांच्यासाठी मोबाइलवर बोलून लिहिण्याची सोय चांगली आहे, मात्र ती बोलीतले शब्द स्वतःच्या समजुतीने बदलून टाकते, म्हणून प्रत्येक परिच्छेद लगेच तपासावा. मोबाइलवरील मजकुराची दुसरी प्रत अन्यत्र ठेवावी.

वहीचा शत्रू येथील हवा आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात एका पावसाळ्यात पानांना बुरशी येते. बॉलपेनची तेलकट शाई ओलीने पसरत नाही, पाण्याची शाई आणि काही जेल पेने पसरतात. वही प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवू नये, आतली ओल आतच राहते. जमिनीपासून उंचावर, भिंतीला न टेकवता, कपड्यात गुंडाळून ठेवावी आणि कसर लागू नये म्हणून आमच्या आज्या ठेवत तसा वेखंडाचा तुकडा सोबत ठेवावा. दसऱ्यानंतर ऊन तापू लागले की वह्या बाहेर काढून सावलीत पाने मोकळी करावीत.

लिहिण्यासाठी मुंबई-पुण्याच्या वर्तुळात असावे लागते का?

केशवसुत मालगुंडचे, बाळशास्त्री जांभेकर पोंभुर्ल्याचे, आणि चिं. त्र्यं. खानोलकर कुडाळला खानावळ चालवीत असताना कविता लिहीत होते. ही माणसे पुढे बाहेर गेली हे खरे, पण त्यांच्या शब्दांचा पहिला साठा येथलाच होता. छापून येण्यासाठी शहराशी संबंध लागत असेल. व्यक्त होण्यासाठी लागत नाही.

लिहिलेले कोणाला दाखवावे?

प्रथम एकाच माणसाला, आणि 'कसे वाटले?' असे विचारू नये, कारण त्याला 'छान' याशिवाय उत्तर नाही. वाचताना मन कोठे भरकटले आणि कोणती गोष्ट अजून ऐकायची राहिली, एवढे दोन प्रश्न विचारावेत. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप समूहावर पहिलाच मजकूर टाकू नये. फुलांची आणि जोडलेल्या हातांची चित्रे येतात आणि लिहिणाऱ्याला काहीच कळत नाही.

सगळे पटले, पण पहिल्या दिवशी नेमके काय करू?

ज्या घरात तुम्ही लहानाचे मोठे झालात त्याचा नकाशा काढा. चित्रकला येण्याची गरज नाही. खळे, पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागील दार, न्हाणी, विहीर, गोठा, अशी पुढून मागे रेघ ओढत जा आणि प्रत्येक चौकटीत तेथे असलेली एकेक वस्तू लिहा. त्यांतली जी लिहिताना हात रेंगाळला तिच्याविषयी दहा ओळी लिहा आणि थांबा.

गेल्या बैठकीत एक बाई हा नकाशा काढत होत्या. त्यांचे गावचे घर वीस वर्षांपूर्वी पडले आहे. न्हाणीचे दार विहिरीकडे उघडत होते की गोठ्याकडे, हे त्यांना काही केल्या आठवेना. त्यांनी तेथूनच डोंबिवलीला धाकट्या भावाला फोन लावला. सणासुदीला दोन वाक्यांत बोलणे संपवणारा तो भाऊ त्या दिवशी चाळीस मिनिटे बोलत राहिला, आणि बाई फोन खांद्याशी धरून नकाशात एकेक गोष्ट भरत गेल्या: तुळशीमागची सुपारी, पाटाचे पाणी, ओटीवरचा झोपाळा आणि त्याची कुरकुरणारी डावी कडी. न्हाणीचे दार विहिरीकडे उघडत होते.